चिमण्या कमी, कबुतरं जास्त: घरी पक्ष्यांना दाणे घालताना आणि मोजताना काय लक्षात ठेवायचं?

खिडकीच्या ग्रिलवर ज्वारीचे मूठभर दाणे, शेजारी पाण्याचं मातीचं भांडं. मीरा-भाईंदरमधल्या कित्येक घरांत हे दृश्य रोजचं आहे. कुणी पुण्य म्हणून दाणे घालतं, कुणी मुलांना चिमणी दाखवायची म्हणून, तर कुणाला सकाळच्या चहासोबत तेवढीच सोबत हवी असते.

पण दाणे घालणाऱ्या अनेकांची तक्रार सारखीच असते. आधी चिमण्या यायच्या, आता नुसती कबुतरं येतात. बुलबुल दोन महिने दिसला आणि मग गायब झाला. पोपटांचा थवा यंदा आलाच नाही.

हे बदल खरे असतात की नुसता भास? आपण घातलेल्या दाण्यांचा त्यात किती वाटा असतो? आणि पक्ष्यांना खाऊ घालणं त्यांच्यासाठी आणि शेजाऱ्यांसाठी नेहमीच चांगलं असतं का? समजून घेऊ या.

मीरा-भाईंदरमध्ये पक्षी येतात कुठून?

मीरा-भाईंदर दाटीवाटीचं शहर असलं, तरी त्याच्या आजूबाजूला पक्ष्यांसाठी बरंच काही आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन आणि अरबी समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. मधल्या भागात तिवरं आणि मिठागरं आहेत. भाईंदरची जुनी ओळख तर मिठागरांसाठीच होती.

म्हणजे एकाच शहरात जंगलातले, खाडीकिनारचे आणि वस्तीतले असे तिन्ही प्रकारचे पक्षी दिसू शकतात. काशिमीरा-घोडबंदर पट्ट्यात तांबट, दयाळ, शिंजीर. खाडीलगत बगळे, खंड्या, हिवाळ्यात कुरव. इमारतींच्या जंगलात कावळे, साळुंक्या, घारी आणि अर्थातच कबुतरं.

मात्र हे शहर फार वेगाने वाढलं. जनगणनेनुसार १९९१ मध्ये इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी इथे महानगरपालिका अस्तित्वात आली. म्हणजेच आज चाळिशीत असलेल्या माणसाने लहानपणी इथे कौलारू घरं, वाड्या आणि मोकळी जमीन पाहिली असेल, तर आता त्याच जागी टॉवर उभे आहेत. पक्ष्यांच्या संख्येतला बदल समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

दाणे तेच, मग कबुतरंच का वाढतात?

याचं उत्तर दोन्ही पक्ष्यांच्या पिलांच्या आहारात आहे.

मोठी चिमणी धान्य खाते. पण तिच्या पिलांना सुरुवातीच्या दिवसांत अळ्या, किडे असा मऊ आणि प्रथिनं असलेला आहार लागतो. आपण कितीही बाजरी घातली तरी त्यावर चिमणीची पिलं वाढत नाहीत. आजूबाजूला झुडपं, गवत, माती असेल तरच किडे मिळतात. पेव्हर ब्लॉक घातलेल्या आणि कीटकनाशकाची फवारणी होणाऱ्या आवारात ते मिळत नाहीत.

कबुतराचं तसं नाही. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि पहिले काही दिवस पिलं त्यावरच वाढतात. त्यासाठी किड्यांची गरज नसते, दाणे पुरतात. म्हणजे तुम्ही टाकलेलं धान्य थेट कबुतराच्या पुढच्या पिढीत जमा होतं.

दुसरा मुद्दा घरट्याचा. चिमणीला भोक, कपार, वळचण हवी असते. कौलांखालची जागा, जुना मीटर बॉक्स, भिंतीवरच्या फोटोमागची फट ही तिची हक्काची ठिकाणं. काच आणि गुळगुळीत भिंतींच्या इमारतींत ती उरलेली नाहीत. उलट कबुतराचे मूळ पूर्वज कड्याकपारींत राहणारे पारवे. त्यांच्यासाठी वीस मजली इमारत म्हणजे एक उंच कडाच. एसीचं युनिट, डक्ट, खिडकीवरचा छज्जा, बंद फ्लॅटची बाल्कनी, सगळीकडे दोन काड्या टाकल्या की घरटं तयार.

तिसरा मुद्दा वेगाचा. कबुतर एका वेळी साधारण दोन अंडी घालतं आणि ती अठरा दिवसांच्या आसपास उबतात. अन्न मिळत राहिलं तर ते वर्षभर वीण घालू शकतं. वर्षभर धान्य मिळण्याची सोय आपणच करून दिलेली असते.

थोडक्यात, दाणे कमी पडले म्हणून चिमण्या कमी झालेल्या नाहीत. त्यांना घरटी आणि किडे कमी पडले. दाण्यांनी मात्र कबुतरांची भरभराट केली.

देशभरातली आकडेवारी काय सांगते?

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा अहवाल पहिल्यांदा २०२० मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे त्यातली माहिती सामान्य पक्षीप्रेमींनी केलेल्या नोंदींमधून आली आहे. २०२३ च्या अहवालासाठी ३० हजारांहून अधिक लोकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरण्यात आल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला.

ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के जातींची संख्या घटल्याचं दिसलं. १७८ जातींना संवर्धनात सर्वाधिक प्राधान्य द्यावं, असं अहवालात म्हटलं आहे. दुसरीकडे कबुतर, कोकीळ आणि मोर यांची स्थिती चांगली असल्याचं आढळलं.

चिमणीबाबतचा निष्कर्ष अनेकांना आश्चर्यात टाकणारा होता. २०२० च्या अहवालानुसार देशपातळीवर चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, मात्र मुंबईसह मोठ्या महानगरांमध्ये ती घटली आहे. म्हणजे 'चिमणी नामशेष होतेय' हे विधान देशासाठी बरोबर नाही, पण 'आमच्या भागातून चिमणी गेली' ही मुंबई परिसरातल्या लोकांची भावना निराधारही नाही.

याआधी २०१२ मध्ये 'सिटिझन स्पॅरो' नावाचा उपक्रम झाला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि इतर संस्थांनी लोकांना आपापल्या भागातल्या चिमण्यांच्या आताच्या आणि पूर्वीच्या आठवणी कळवायला सांगितलं होतं. देशभरातून १० हजारांहून अधिक नोंदी आल्या. २० मार्चला साजरा होणारा जागतिक चिमणी दिनही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरेव्हर सोसायटी'च्या पुढाकाराने तो २०१० पासून साजरा होतो.

मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे चिमण्या गेल्या, असं अनेकदा सांगितलं जातं. मात्र त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. घरट्याच्या जागा, किडे आणि झुडपं कमी होणं ही कारणं अधिक सयुक्तिक मानली जातात.

दाण्यांवरून वाद कोर्टापर्यंत कसा गेला?

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची भूमिका विधिमंडळात मांडली. महापालिकेने कारवाई सुरू केल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ३० जुलै रोजी न्यायालयाने बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचे निर्देश दिले. ६ ऑगस्टला दादर कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री आंदोलकांनी काढली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात हस्तक्षेप करायला नकार दिला.

त्याच महिन्यात या वादाचे पडसाद मीरा रोडमध्येही उमटले. एका गृहसंकुलात कबुतरांना दाणे घालण्यावर आक्षेप घेतल्यावरून एका ज्येष्ठ नागरिकाला आणि त्यांच्या मुलीला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत दाखल झाली.

या वादाला दोन बाजू आहेत. जीवदया हे अनेकांसाठी श्रद्धेचं मूल्य आहे. जैन, हिंदू कुटुंबांत पक्ष्यांना दाणे घालण्याची परंपरा पिढ्यान् पिढ्यांची आहे. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणं हा तर मराठी घरांतला नेहमीचा विधी. दुसरीकडे, वरच्या मजल्यावरून टाकलेल्या दाण्यांमुळे खालच्या घरातल्या दम्याच्या रुग्णाला विष्ठा आणि पिसांचा त्रास होत असेल, तर तो प्रश्न आरोग्याचा होतो.

कबुतरांमुळे नेमका कोणता आजार होतो?

सर्वाधिक चर्चा होते ती 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' या फुफ्फुसाच्या आजाराची. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेतले आणि पिसांतले प्रथिनांचे सूक्ष्म कण श्वासावाटे वारंवार आत गेले की काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर तीव्र प्रतिक्रिया देते. फुफ्फुसांना सूज येते आणि संपर्क सुरूच राहिला तर पुढे ती कायमची कडक होऊ शकतात. कोरडा खोकला, जिना चढताना धाप लागणं ही सुरुवातीची लक्षणं असतात.

भारतातल्या अशा फुफ्फुसविकारांच्या १,०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार असल्याचं आढळलं. मात्र या सगळ्यांना तो कबुतरांमुळेच झाला, असा त्याचा अर्थ नाही. त्या अभ्यासात एअर कूलरमधल्या बुरशीशी संपर्क हेही मोठं कारण होतं. आजार प्रत्येकाला होत नाही, पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून वाळलेली विष्ठा कधीही झाडूने कोरडी झाडू नये. मास्क लावून, आधी पाणी मारून ओली करूनच ती काढावी.

खाऊ घालणं पक्ष्यांसाठीही धोक्याचं ठरू शकतं का?

हो, ठरू शकतं. ब्रिटनमधलं उदाहरण बोलकं आहे. तिथे घरोघरी बागेत पक्ष्यांसाठी दाणे ठेवण्याची पद्धत आहे. २००५-०६ च्या सुमारास 'ग्रीनफिंच' या पक्ष्यांमध्ये ट्रायकोमोनोसिस या आजाराची साथ पसरली. आजारी पक्षी खाताना दाणा तोंडातून टाकतो, तोच दुसरा उचलतो आणि पाण्याचं भांडंही सगळ्यांचं एकच. त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी संसर्ग वाढला. पुढच्या काही वर्षांत या पक्ष्यांची संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्याचा समावेश करावा लागला.

महाराष्ट्रात बर्ड फ्लूचा अनुभव ताजा आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या कोंबड्यांसोबत ठाणे, मुंबई परिसरातल्या मृत पक्ष्यांमध्येही या विषाणूचा संसर्ग आढळला होता. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडला. अशा काळात दाणे आणि पाणी ठेवणं काही आठवडे थांबवणं हेच पक्ष्यांच्या हिताचं असतं.

आणखी एक मुद्दा पदार्थांचा. हिवाळ्यात मुंबई परिसरात पाहुणे म्हणून येणाऱ्या कुरवांना, म्हणजे सीगलना, बोटीतून आणि किनाऱ्यावरून गाठी, फरसाण टाकलं जातं. मासे आणि खाडीतले जीव खाणाऱ्या या पक्ष्यांसाठी तेलकट, खारट पदार्थ हे अन्न नव्हे.

खिडकीतून दिसणारा बदल खरा की हंगामी?

एखादा पक्षी दिसेनासा झाला की आपण लगेच 'संख्या घटली' असं म्हणतो. पण आधी काही साध्या शक्यता तपासायला हव्यात.

- पावसाळा: या काळात किडे, गवताचं बी सगळीकडे मिळतं. पक्ष्यांना तुमच्या वाटीची गरज उरत नाही.
- वीण: बुलबुल, शिंपी, दयाळ घरट्यात गुंतले की लपूनछपून वावरतात. पिलं उडाली की अचानक संख्या वाढल्यासारखी वाटते.
- स्थलांतर: भोरड्या (गुलाबी मैना), कुरव हे हिवाळी पाहुणे. उन्हाळ्यात ते दिसले नाहीत तर काळजीचं कारण नाही.
- आवाज: कोकीळ वर्षभर असतो, पण उन्हाळ्यात ओरडतो म्हणून तेव्हाच जाणवतो.
- आजूबाजूचा बदल: शेजारचं उंबराचं झाड तोडलं, समोर बांधकाम सुरू झालं, इमारतीला जाळ्या बसल्या, सोसायटीत मांजर आली किंवा शिक्रा फिरू लागला, तरी पक्षी जागा बदलतात.
- दुसरी वाटी: पलीकडच्या इमारतीत कुणी दाणे घालायला लागलं, तर तुमच्याकडची गर्दी तिकडे जाते. एकूण संख्या तेवढीच असते.

म्हणूनच एका खिडकीवरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही. एका हंगामाची तुलनाही मागच्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करायला हवी, मे महिन्याची ऑगस्टशी नाही.

मग मोजायचं कसं?

यासाठी दुर्बीण लागत नाही. वही, पेन आणि थोडी शिस्त पुरते.

१. वेळ ठरवा. आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी, सलग १५ मिनिटं. दर वेळी तीच जागा, तीच वेळ.

२. एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या लिहा. आधी सहा चिमण्या आल्या, उडाल्या, मग चार आल्या, तर नोंद सहाची करायची, दहाची नाही. त्यातल्या चार त्याच असू शकतात.

३. शून्यही लिहा. 'आज चिमणी दिसली नाही' ही नोंदही तितकीच महत्त्वाची. फक्त पक्षी दिसले त्याच दिवशी लिहिलं, तर घट कधीच दिसणार नाही.

४. परिस्थिती टिपून ठेवा. पाऊस, ऊन, दाणे ठेवले होते की नाही, शेजारी काही बदल झाला का.

५. किमान एक वर्ष थांबा. त्याआधी निष्कर्ष नको.

या नोंदी वहीत पडून राहण्यापेक्षा 'ईबर्ड' या मोफत संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकल्या तर संशोधकांना उपयोगी पडतात. वर उल्लेख केलेला अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो. भारतात तो २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात घराच्या खिडकीतून केलेली १५ मिनिटांची नोंदही चालते. ब्रिटनमध्ये १९७९ पासून दर जानेवारीत अशीच बागेतल्या पक्ष्यांची मोजणी होते. दशकानुदशकं साध्या लोकांनी केलेल्या नोंदींमुळे तिथे कोणता पक्षी कधीपासून घटला हे दाखवता येतं.

दाणे घालायचेच असतील तर?

पहिला पर्याय दाण्यांऐवजी पाणी. कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात पक्ष्यांना त्याचा सर्वाधिक उपयोग होतो आणि धान्य न खाणारे बुलबुल, शिंजीरही येतात. मातीचं उथळ भांडं घ्या, पाणी दोन-तीन बोटांपेक्षा खोल नको. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतील.

दाणे ठेवणार असाल तर बाजरी, राळे, तांदळाची कणी असे बारीक दाणे, तेही तासाभरात संपतील एवढेच. छज्जा, गच्ची, फुटपाथ अशा सपाट जागी पसरू नका. तिथे कबुतरं आणि रात्री उंदीर येतात. लहान पक्ष्यांनाच बसता येईल असा टांगता फीडर वापरा आणि तो दर आठवड्याला धुवून, वाळवून लावा. पपई, केळं, पेरूची फोड चालते. पाव, बिस्किटं, फरसाण, शिळी पोळी नको. तरीही कबुतरंच येत असतील, तर दाणे बंद करून फक्त पाणी ठेवणं योग्य. खालच्या घरात कुणाला श्वासाचा त्रास आहे का, हेही आधी विचारून घ्या.

यापेक्षा टिकाऊ उपाय झाडांचा आहे. जास्वंद आणि एक्झोराच्या कुंड्यांवर शिंजीर येतो, कढीपत्ता, तुळस यांवर किडे आणि फुलपाखरं येतात. सोसायटीच्या आवारात थोडी माती उघडी ठेवली, एखादं दाट झुडूप छाटलं नाही, तर चिमणीच्या पिलांचा खाऊ तिथे तयार होतो. चिमणीसाठी लाकडी घरटं लावायचं तर भोक साधारण ३२ मिलिमीटरचं ठेवा. त्यातून चिमणी आत जाते, साळुंकी आणि कबुतर जाऊ शकत नाही.

जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजण्याचा किंवा पाळण्याचा प्रयत्न करू नका. हवेशीर खोक्यात शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले आढळले तर हात न लावता महापालिका किंवा पशुसंवर्धन विभागाला सांगा.

दाणे बंद केले तर कबुतरं उपाशी मरतील का?

हा प्रश्न अनेक पक्षीप्रेमींच्या मनात असतो. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारण्यात आली, तरी शहरातली संख्या २० हजारांच्या आसपासच राहिली. कारण अन्न तेवढंच होतं. रिकामी झालेली जागा नवी पिलं भरून काढत होती.

१९८८ मध्ये शहराने मारणं थांबवून लोकांना समजावण्याची मोहीम घेतली. जास्त दाण्यांमुळे कबुतरांची गर्दी होते, गर्दीत आजार पसरतात आणि पिलांचे हाल होतात, हे पत्रकांतून आणि भेटींतून सांगितलं गेलं. सोबत देखरेखीखालच्या काही खुराड्यांची सोय केली. सुमारे चार वर्षांत कबुतरांची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

अन्न हळूहळू कमी झालं की कबुतरं कमी वीण घालतात आणि अन्नासाठी आजूबाजूला पांगतात. त्यामुळे रोज किलोभर दाणे घालणाऱ्याने एका दिवसात थांबण्याऐवजी काही आठवड्यांत प्रमाण कमी करत नेणं हा मधला मार्ग आहे. जिथे न्यायालयाची किंवा पालिकेची बंदी लागू आहे, तिथे मात्र ती पाळावीच लागते.